दारातली हराळी

वैशाखात गोरेगावच्या शिवारातून पूर्वी एक धूर निघायचा. चुलीचा नव्हे, उसाच्या पाचटाचाही नव्हे. खणून काढलेल्या हराळीच्या मुळ्या बांधावर ढीग करून वाळवायच्या आणि मग पेटवायच्या, त्याचा तो कोरडा, किंचित गोडसर धूर. आता तणनाशकाचा पंप पाठीला अडकवला की अर्ध्या दिवसात काम उरकतं, त्यामुळे धूर नाही. परवा मात्र सकाळी कुणाच्या तरी बांधावरून तो आला. मी खिडकीपाशी शिलाई मशीनवर ब्लाउजची बाही जोडत होते. लक्ष उडालं, बाही उलटी लागली, आणि मग ती उसवत बसले.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा मी हराळी वेचण्यात घालवला. माहेर माझं जवळा बाजारचं, वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान. गवत हे शेळीने खायचं असतं, एवढंच मला गवताबद्दल ठाऊक. आणि इथे पुसेगावच्या वाटेवरच्या आमच्या शेतात बैलांनी खोल नांगरट केलेली, डोक्याएवढी ढेकळं पडलेली, आणि त्या ढेकळांच्या पोटातून पांढऱ्या, गाठीगाठींच्या मुळ्या लोंबताहेत. पुढे कुदळ घेऊन सासरे ढेकळं फोडायचे, मागे सासूबाई आणि मी मुळ्या ओढून, माती झटकून घमेल्यात टाकायचो. काळ्या रानात हराळी हातभर खाली जाते. ओढायला गेलं की मधेच तुटते आणि उरलेलं कांडं मातीत दडून बसतं. तेवढं एक कांडं पुरतं. पोळ्याला बघावं तर तिथे पुन्हा हिरवं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना आत्या. मामा माझ्याशी थेट बोलायचे नाहीत, तशी रीतच होती. मी चार हातांवर बसलेली असले तरी ते आत्यांकडे बघून म्हणायचे, "तिला म्हनावं, मुळी तोडू नको. दमानं वढ."

मीही आत्यांकडे बघूनच उत्तर द्यायचे, "त्यांना म्हणावं, दमानं ओढली तरी तुटते."

आत्या दोघांच्या मधे बसून नुसत्या हसायच्या. निरोप पोचवायची गरजच नसायची, दोघांनाही सगळं ऐकू आलेलं असायचं. तरी त्या असल्याशिवाय आम्हाला बोलता येत नव्हतं, हे मात्र खरं. मृग तोंडावर आला तेव्हा बांधावर शेवटचा ढीग पेटवून मामा म्हणाले होते, "तिला म्हनावं, हात चांगला हाय तिचा." माझ्या बारावीच्या निकालाचं कौतुक करायला घरात कुणाला सवड झाली नव्हती, त्यामुळे हे वाक्य मी फार दिवस जपून ठेवलं.

आत्या गेल्या त्याला आठ वर्षं झाली. आमचा दुभाष्या गेला, पण रीत गेली नाही. मामा अंगणातल्या लिंबाकडे बघून बोलू लागले. "तिला म्हनावं, चहा गोड झाला लई." मी चौकटीत उभी राहून त्याच लिंबाला सांगायची, "त्यांना म्हणावं, उद्या कमी टाकते." कडुलिंबाने आमच्या घरात इतकी वर्षं सासूपण केलं, कधी एका शब्दानं कुणाची बाजू घेतली नाही.

मग मामांना कंपवात झाला. आधी हाताला, मग पायांना. चालता चालता पाय एकाएकी जमिनीला चिकटायचा आणि वरचं अंग पुढे जायचं. गेल्या वैशाखात ते पहिल्यांदा पडले. हे शिक्षक, यांची शाळा सेनगावला. सकाळच्या जीपने जातात ते संध्याकाळी येतात, आणि पोरं पुण्याला. घरात मामा आणि मी. मामांची बाज लिंबाखाली, तिथून पाण्याची मोरी दहा पावलांवर. त्या दहा पावलांतच ते कोसळले. आवाज ऐकून मी मशीनवरून उठून धावले, डोक्यावर पदर घेतला आणि हात पुढे केला. मामांनी आपला हात अंगाशी ओढून घेतला.

"पडलो न्हाई," ते लिंबाला म्हणाले. "बसलोय जरा."

कोपर सोलपटलेलं, धोतराला माती, आणि म्हणे बसलोय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. सुनेचा हात धरून उठणं त्यांच्या अख्ख्या आयुष्यात बसत नव्हतं, आणि त्यांना न विचारता काखेत हात घालून उचलावं हे माझ्या हातून होत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. ते पाणी प्यायले. मग ते खाली बसून आणि मी उभी, असे आम्ही दोघं कुणीतरी यायची वाट बघत राहिलो. तेव्हा मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीचं काही करता येत नव्हतं.

पाऊण तासाने सलीमचाचा आले. समोरच्या घरात ते गाद्या भरतात. कापूस पिंजून पिंजून त्यांचे दंड अजून कुस्तीगिरासारखे आहेत. दुपारची नमाज आटोपून ते येत होते.

"काय दादा, काहून बसले खाली?"

"हवा चांगली लागून राहिली हितं," मामा म्हणाले.

"व्हय, व्हय. बराबर हाय. चला, आता बाजंवरची हवा खा." चाचांनी काखेत हात घालून त्यांना एका झटक्यात उठवलं.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि निघताना सांगितलं, "या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा उभं राहणं कठीण. पडू देऊ नका." जसं काही पडणं आमच्या परवानगीने चाललं होतं. यांनी मोरीपर्यंत लोखंडी पाईप बसवला, मामा त्याच्यावर टॉवेल वाळत घालू लागले. काठी आणली, तिनं ते शेळ्या हाकलू लागले. वैशाख-ज्येष्ठात ते आणखी दोनदा 'बसले'.

अंगण पूर्वी शेणानं सारवलेलं, मऊ होतं. आता घरापासून मोरीपर्यंत सिमेंटचा कोबा आहे, आणि लिंबाखाली गोल जागा तेवढी मातीची. पण ती माती कोब्याच्या वरताण, वर्षानुवर्षं पायांनी चोपलेली. मी एकदा चाचांना म्हटलं, कोबा फोडून टाकते, पण पुढे काय करू ते सांगा.

चाचा म्हणाले, "गादी अंथरून देतो अंगनभर. पर दादा वळखतील ना." थोडा वेळ दाढी खाजवून ते म्हणाले, "हराळी लाव, सूनबाई. दाट आली तर माझ्या गादीपरीस मऊ."

पडतो हेच ज्या माणसाला मान्य नाही, त्याला पडण्यावरचा उपाय कसा समजावून सांगायचा? म्हणून मी सांगितलंच नाही. चाचांनाही शपथ घातली. यांना म्हटलं, कुणी विचारलं तर सांगा, बायकोला शहरातल्यासारखी हिरवळ पाहिजे. यांनी मान हलवली. शिकवायचं काम सोडलं तर हे मान हलवण्यात पटाईत आहेत.

आषाढात आमच्याच बांधावरून हराळीचा भारा डोक्यावर घेऊन मी घरी निघाले तेव्हा वाटेतल्या बायकांनी कामं थांबवली. "अगं बया, लावायला नेऊन राहिली हराळी? काहून, येडी झाली काय?" सगळा गाव जी आपल्या रानातून जावी म्हणून जन्म घालवतो, ती मी वाजतगाजत दारात आणत होते. मलाही हसू आलं. मनात म्हटलं, जिला मारता येत नाही तिला जगवायला किती अक्कल लागणार?

लागली. कोबा फोडला, जमीन भिजवली, कांडी बोट-दोन बोटं खोल खोचली. पंधरा दिवसांत कडेकडेनं फुटवे आले, आणि लिंबाच्या बुडाकडे मात्र पिवळे, लांबलचक, लुळे दोरे. हात लावला की उपटून यायचे, मुळी नावाला नाही. शेतात हराळी कायम भर उन्हात बघितलेली. तिला सावली सोसत नाही हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण तिला सावलीत लावण्याचा खुळेपणा आजवर कुणी केला नव्हता. झाडाच्या सावलीनं पीक खुरटतं, त्याला आमच्याकडे वसवा म्हणतात. ज्वारीला वसवा लागतो, कापसाला लागतो. हराळीला लागेल असं कुणाला वाटलं असतं?

श्रावणात मी मग मन लावून त्या गवताच्या मागे लागले. लिंबाच्या खालच्या, आडव्या फांद्या चाचांकडून छाटून घेतल्या. वरचा घेर राहू दिला, पण सकाळी दहापर्यंत पूर्वेचं आणि तीननंतर पश्चिमेचं तिरपं ऊन बुडापर्यंत यायला लागलं. झाडाच्या मोठ्या मुळ्यांना धक्का न लावता टिकावानं वरची चोपलेली माती मोकळी केली. कुजलेलं शेणखत आणि वाळू मिसळली. रोज शिंपडलेलं पाणी वरच्यावर जिरतं आणि मुळ्याही वरच्यावर राहतात, हे पहिल्या फसगतीत कळलं होतं; म्हणून उघडीप पडली की चार दिवसांतून एकदाच, पण खोलवर मुरेल असं पाणी सोडलं. लिंबाचा पाला रोज झाडला. गवत थोडं उंच राहू दिलं, सावलीतल्याला पान जास्त लागतं. हे लिहिताना मला सुनांबद्दल एक वाक्य सुचतंय, पण ते माझ्या आधी पुष्कळ जणींनी म्हटलेलं असणार, तेव्हा राहू दे.

भादव्यात पुन्हा कांडी लावली आणि दिवाळीच्या सुमारास, विश्वास बसणार नाही, लिंबाखाली हिरवं झालं. बुडाशी विरळ, पण बाजेपासून मोरीपर्यंत चांगलं दाट. मी अनवाणी चालून बघितलं. पाऊल दबत होतं. मी गुडघ्यावर पडून बघितलं, कुणी बघत नाही ना याची खात्री करून. लागलं नाही. इतकं समाधान मला पोरीच्या लग्नातली नऊवारी शिवून झाली तेव्हाही झालं नव्हतं.

या सगळ्या काळात मामा बाजेवर बसून बघत होते. एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, पसंत पडलं.

कार्तिकातल्या एका सकाळी मशीनवरून मान वर केली तर मामा लिंबाखाली उकिडवे बसलेले, हातात खुरपं. हाताला कंप होता, पण खुरपं मातीत गेलं की तो थांबायचा. हराळी मुळासकट ओढून, माती झटकून त्यांनी शेजारी नीट ढीग केला होता. ताटाएवढी जागा लख्ख साफ.

मी धावत बाहेर गेले. लिंबाला म्हटलं, "त्यांना म्हणावं, असू द्या. मुद्दाम लावलीय."

मामांनी वर बघितलं नाही. "तिला म्हनावं, दारात हराळी आली म्हंजी घरात मानूस न्हाई. लोक काय म्हनतील? म्हाताऱ्याचे हात गेले म्हनून दारात रान माजलं."

यावर मी काय बोलणार होते? ही हराळी तुमचे हात गेले म्हणून नाही, पाय गेले म्हणून आहे, असं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. संध्याकाळी यांना सांगितलं, तुम्ही बोला. हे मामांपाशी गेले, हवापाण्याचं बोलले, हरभऱ्याच्या पेरणीचं बोलले आणि परत आले.

मग सगळा हिवाळा आमची लढाई चालली. मामा सकाळी उपटायचे, मी दुपारी त्यांचा डोळा लागला की त्याच ढिगातली कांडी उचलून पुन्हा लावायची. त्यांना ते कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते बरोबर तिथूनच सुरुवात करायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आपल्या गळ्यातला फास कुणी सोडवतंय तर हा माणूस तो पुन्हा आवळून घेतोय, आणि वर मलाच आळशी ठरवतोय, असं वाटायचं. खुरपं लपवलं तर त्यांनी नखांनी उकरलं. नखं रक्ताळली, म्हणून मीच ते मुकाट्यानं बाजेखाली ठेवून दिलं.

आणि एवढं असूनही, मशीनवरून बघताना मला त्यांचं उपटणं बघत राहावंसं वाटायचं. ताटातला घास तोंडापर्यंत नेताना निम्मा सांडवणारा तो हात मुळीच्या बाबतीत चुकत नव्हता. बोटांनी आधी चाचपायचे, मुळी कुठल्या दिशेला गेलीय ते. मग दमानं ओढायचे. अख्खी वीतभर मुळी न तुटता यायची. असलं काम मला तीस वर्षांत जमलेलं नाही.

फाल्गुनात ते पडले. हे शाळेत, चाचा गादीचा कापूस आणायला हिंगोलीला. उपटून साफ केलेली जागा तोवर घोंगडीएवढी झाली होती, उन्हानं वाळून पुन्हा टणक. काम संपवून ते उकिडव्यानं उठायला गेले, पाय चिकटला आणि कुशीवर आदळले. कुडाची काठी मोडावी तसा बारीक आवाज झाला. दोन हातांवर हिरवीगार हराळी होती. दोनच हातांवर.

मी पोचले तेव्हा त्यांनी लिंबाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"पडलो, पोरी," ते म्हणाले.

तीस वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य. मी हात धरला. दोन्ही हातांनी धरला, काखेत हात घातला, सगळी रीत बाजूला ठेवली, आणि माझ्याच्यानं ते उचलले गेले नाहीत. कंबरेखालचं अंग हलवलं की ते ओरडत होते. इतकी वर्षं परवानगी नव्हती म्हणून उभी राहिले, आणि मिळाली तेव्हा अंगात तेवढं बळ नव्हतं. मी त्यांच्या डोक्याखाली मांडी दिली आणि रस्त्याच्या दिशेनं हाका मारत बसले.

हाड मोडलं होतं. वय आणि छाती बघून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. आता मामांची बाज आत आहे, माझ्या मशीनशेजारच्या खिडकीपाशी. उठणं नाही. मी त्यांना भरवते, पुसते, कुशीवर वळवते. आता लाज कुणालाच परवडत नाही. एकदा तोंड उघडून मी सांगितलं असतं, मामा, ही तुमच्यासाठी आहे, तर? कदाचित त्यांनी खुरपं खाली ठेवलं असतं. कदाचित त्या दिवसापासून ते बाजेवरून उठलेच नसते. भाजी चिरताना मी रोज हा हिशेब मांडते आणि तो रोज वेगळा येतो.

बाहेर हराळी मात्र माजली आहे. उपटणारं कुणी नाही. फाल्गुनातल्या त्या घोंगडीएवढ्या जागेवरही ती कडेनं सरकत आली. भर वैशाखात, चार-चार दिवस पाणी नसताना, लिंबाच्या सावलीत हिरवी. मुळ्या खोल गेल्याशिवाय हे होत नाही. मला जसं हवं होतं अगदी तसंच झालं आहे, आणि आता तिच्यावर पडायला कुणी नाही.

परवा धूर आला तो मामांनाही आला असावा. मी बाही उसवत होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"पोरी," ते म्हणाले. हल्ली ते थेटच बोलतात. "वैशाख हाय ना?"

"व्हय, मामा."

"समद्यांची रानं साफ झाली असतील. आपल्या दारात बघ." त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "मला दिसून राहिली ती, दिसभर. डोळे मिटले तरी दिसती. मला लई तकलीफ हाय तिची. काढून टाक ना."

मी बाही खाली ठेवली. खुरपं पुरणार नव्हतं, म्हणून कुदळ घेतली. उन्हं चढायच्या आत बाजेच्या जुन्या जागेपासून सुरुवात केली. माती भुसभुशीत होती, मीच केलेली. मुळ्या हातभर खाली गेल्या होत्या, पांढऱ्या, जाड, तजेलदार. सावलीत इतकी चांगली रुजलेली हराळी मी कधी पाहिली नव्हती. एकेक ओढून, माती झटकून घमेल्यात टाकत होते. घमेलं भरलं की उरलेल्या कोब्यावर पसरत होते. नाक वाहत होतं, ते पदराला पुसत होते.

दुपारपर्यंत लिंबाखालची जागा उघडी पडली. मी कंबर सरळ केली. खिडकीतून मामांचा आवाज आला, "राहिली बघ. तिथं, मोरीकडं. एक कांडं राहिलं."

मी मोरीकडं जाऊन बघितलं. तिथे काही नव्हतं, नुसती काळी माती. मामा गजाला धरून, मान उचलून बघत होते.

"दिसलं का?"

"दिसलं," मी म्हटलं, आणि तिथे कुदळ मारली.